शेवटून पहिली

प्रिय दादा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं ‘बरं’ म्हणाले. ते ‘बरं’ होकाराचं नव्हतं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यावर आलं की तुला शेतातून कोणीतरी हाक मारतं. पत्राला मध्ये तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. वहिनीलाही वाचायला दे.

आधी स्पर्धेचं सांगते, कारण तू ते पेपरात वाचलंस आणि तिथूनच बिनसलं. इथल्या सायकलवाल्या मंडळींनी ती ठेवली होती. आधी धावायचं, मग दारव्हा रोडने लोहाऱ्याच्या पुढे सायकल दामटून परत यायचं, आणि सायकल ठेवून पुन्हा धावायचं. मी नाव दिलं तेव्हा माझी औषधं संपून जेमतेम दोन महिने झाले होते. तू समजतोस तशी मी अविचारी नाही. डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला, बराच वेळ नळी लावून ऐकलं आणि म्हणाले, दम लागला की थांबा, पहिलं यायचं मनात आणू नका. ते माझ्या मनात नव्हतंच. मला फक्त चार लोकांसमोर दम लागू द्यायचा होता.

हे तुला कळायचं नाही, म्हणून नीट सांगते. तुझी सलोनी कॉलेजसाठी तीन वर्षं माझ्याकडे राहिली. माझा रिपोर्ट आला त्याच दिवशी तू गाडी घेऊन आलास आणि तिला हॉस्टेलवर नेऊन ठेवलंस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सुरुवातीला जपायलाच हवं होतं, तिचे कपडे मीच घड्या करून दिले. पण पुढे डॉक्टरांनी सांगितलं की आता माझ्यापासून कोणाला धोका नाही, तेव्हाही तू तिला परत पाठवलं नाहीस. दिवाळीला म्हणालास, यंदा घाटंजीला नको येऊस. नात्यात सगळीकडे ‘मधूला निमोनिया झाला’ असं सांगितलंस. आजाराचं खरं नाव तू अजून माझ्यापाशीसुद्धा घेतलेलं नाहीस.

गोळ्यांनी मळमळायचं, सकाळी उठलं की घर गरगर फिरायचं. ते सोसलं. सोसवला नाही तो खोकला. खोकला आला की मी आधी आजूबाजूला पाहायची. ऑफिसात, ऑटोत, भाजीच्या गाडीपाशी. बायका पदर नाकाला लावतात ते मला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. मी खोकला गिळायला शिकले दादा. एवढी मोठी बाई, आणि उभ्या उभ्या चोरासारखी खोकला गिळायची.

अंगात जरा ताकद आल्यावर शेजारच्या हरिसिंगकाकांनी मला सायकलवर बसवलं. ते एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सायकल काढतात. त्यांनी काही विचारलं नव्हतं, मीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर कळून लांब गेले असं नको. ते टायरमधली हवा दाबून पाहत म्हणाले, “आता बरी झाली ना तू? चाल मंग.” सगळ्या आजारपणात एवढं सोपं कोणीच बोललं नव्हतं.

स्पर्धेत पहिल्या धावण्यातच मी मागे पडले. सायकलवर बसले तोवर बाकीचे दिसेनासे झाले होते. काकांनीही नाव दिलं होतं, एकटे तेच तेवढे माझ्यासाठी रेंगाळत पुढे चालले होते. लोहाऱ्यापलीकडे एक ट्रक धूळ उडवत गेला आणि मला ढास लागली. मी पाय टेकला. सवयीने आजूबाजूला पाहिलं. एका बाजूला वेचून झालेली कपाशी, दुसऱ्या बाजूला तूर. लपवायचं कोणापासून? मग मी खोकले. वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मनसोक्त खोकले. काका वळून आले. “काहून थांबली? वापस जायचं का? मागून स्पर्धेची गाडी येऊन राह्यली, बसून जा.” मी पाणी प्यायले, श्वास जागेवर येईपर्यंत उभी राहिले आणि म्हटलं, “नाही जायचं.” खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. पण गाडीत बसून परतण्याची भीती त्याहून मोठी होती.

शेवटचं धावणं म्हणजे निम्मं चालणंच होतं. मी पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलणं सुरू होतं. शेवटची आलेली म्हणून माईकवाल्याने गमतीने विचारलं, “मॅडम, कसं वाटून राह्यलं?” मी माईक हातात घेतला. म्हणाले, “मला टीबी झाला होता. औषधं पूर्ण घेतली, बरी झाले. आज शेवटून पहिली आले.” मेडल घालणारी मुलगी क्षणभर थबकली. मी मान वाकवून उभी राहिले. मग तिने ते माझ्या गळ्यात घातलं, आणि कुठूनतरी टाळ्या सुरू झाल्या. पेपरात नावासकट आलं ते हेच. तू म्हणालास, घराण्याचं नाव घालवलंस. दादा, घराणं माझंही आहे.

आता ज्यासाठी लिहितेय ते. सलोनीच्या साखरपुड्याला ‘तुझी तब्येत नाजूक, दगदग नको’ असं तू काळजीच्या आवाजात म्हणालास. ती काळजी कशाची आहे ते मला कळतं. पाहुण्यांनी पेपर वाचला असेल, अशी तुला धास्ती आहे. तर ऐक. सलोनीने कपिलला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की माझी आत्या टीबीतून उठली आहे, आणि मी तिच्याच घरी राहून शिकले आहे. तरी ते लोक नारळ घेऊन येताहेत. तुझ्या पोरीने जे तोंड वर करून सांगितलं, ते तू दाराआड लपवत बसू नकोस. मी येणार आहे. सकाळच्या पहिल्या बसने येईन, सलोनीच्या शेजारी बसेन. कोणी आजाराचं विचारलं तर नाव सांगेन. नाही विचारलं तर तुझ्या पंगतीत पोटभर जेवेन आणि अजून एक जिलबी मागेन. वाढायला तूच ये.

तुझीच, घाबरणं सोडलेली बहीण,
मधुवंती