चार बोटं उघडी खिडकी

आई,

तुझ्या नातीला सातवा लागलाय. आता मला दुबईत अल बर्शाला तिच्याकडे जाऊन राहायचंय, तू रास अल खैमाला माझ्याकडे आली होतीस तशी. काल फोनवर तिने अट घातली, "ममा, नो कोल्स इन माय हाऊस, प्लीज. वी ऑल नो व्हॉट आजी डिड." मी आपली "हो गं बाई, नाही आणत कोळसे" म्हणाले. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

तू आलीस तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि ओवा, वावडिंग, बाळंतशेपाच्या पुरचुंड्याच जास्त. शिवाय चादरीत गुंडाळलेली लोखंडी शेगडी. हे म्हणाले, इथे हीटर मिळतो. तू ऐकून घेतलंस आणि त्यांनाच कबाबाच्या कोळशाची पिशवी आणायला पाठवलंस. जानेवारीत डोंगराकडून बोचरा वारा यायचा. शेगडी तू बाल्कनीत पेटवायचीस, निखारे फुलल्याशिवाय आत आणायची नाहीस, आणि आणलीस की खिडकी चार बोटं उघडी ठेवायचीस. आपल्याकडे कौलांतून हवा खेळते, इथे डब्यात बसल्यासारखं आहे, हे तू पहिल्याच दिवशी म्हणाली होतीस. मला त्या चार बोटांचाच राग. जवळच्या सिमेंट फॅक्टरीकडची पांढरी धूळ आत येऊन बाळाच्या दुपट्यांवर बसायची. तुझी ही खेडवळ थेरं पुरे, असंसुद्धा मी बोलले. तू हसलीस. म्हणालीस, बाळंतिणीची जीभ तिखटच असायची.

अठराव्या दिवशी बाळाला लसीला न्यायचं होतं. दुपारचा आमचा शेक झाला होता, शेगडीत अजून धग होती आणि तुझे गुडघे आखडले होते. मीच म्हटलं, आज तू शेकून घे, पड जरा. शाल ओढून तू शेगडीपाशी आडवी झालीस आणि तुझा डोळा लागला. हे खाली गाडीत हॉर्न वाजवत होते. जाता जाता मी खिडकी लोटली आणि खिट्टी लावली. तुला गार लागू नये म्हणून, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे खिडकीखाली धुतलेली दुपटी वाळत होती.

क्लिनिकमध्ये दोन तास मोडले. परत आलो तर तू तशीच कुशीवर, शेगडीत राख. कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातं, डॉक्टरांनी समजावलं. खिडकी बंद होती हे पोलिसांनी लिहून घेतलं. कुणी बंद केली ते कुणी विचारलं नाही. हे कपाळावर हात मारून म्हणाले, "बंद खोलीत निखारे घेऊन कोण झोपतं? गावच्या माणसांना सांगून कळत नाही." मी बाळाला पाजत होते. मान वर केली नाही.

दादाने गावी तेच सांगितलं. मग आत्या, माम्या, सगळ्यांच्या तोंडी तेच. निम्म्या गावच्या बाळंतिणी तू शेकल्यास, एकीलाही कधी चटका बसू दिला नाहीस, आणि मेल्यावर अडाणी ठरलीस. मी ठरू दिलं, आई. माझी लेक ती गोष्ट ऐकतच मोठी झाली. तू तिला अठराच दिवस मांडीवर घेतलंस आणि तिला तुझं एवढंच माहीत आहे.

सकाळपासून तिला फोन करायचा म्हणून बसले होते, आणि त्याऐवजी तुला लिहीत बसले. हा कागद लपवायचीही गरज नाही. तिला मराठी वाचता येत नाही, हे लिहायला घेतानाच मला ठाऊक होतं.