लाल गाडीचा नवा आवाज

बाबा,

तुम्ही अंघोळीला गेल्यावर बादलीतलं पाणी थरथरलं असेल, तर तो भूकंप नव्हता. आपल्या लाल स्पोर्ट्स कारला मी कंपनीचा काढून बाहेरचा, दणदणीत आवाजाचा सायलेन्सर बसवलाय, तो चालू करून बघत होतो. जुन्याचे बोल्ट इतके हट्टी होते की आपल्या घराण्यातले वाटले. वेल्डिंग मी स्वतः केलं. सांधा बघून गॅरेजवाला "हं" म्हणाला. त्याच्याकडून "हं" म्हणजे सुवर्णपदक. शेजारचे काका अजून गॅलरीत उभे राहून आभाळात विमान शोधताहेत.

गाडी चालवणं सोडताना तुम्ही म्हणाला होतात, "इंजिनच ऐकू येत नाही, गिअर काय अंदाजाने टाकू?" आता ऐकू येईल. कान चुकलेच, तर सीटमधून पाठीला कळेल.

बदल विमा कंपनीला रीतसर कळवलाय. लपवला असता, तर ठोकल्यावर त्यांनी हात वर केले असते. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "बदलाचं कारण?" मी म्हणालो, "वडील." त्यांनी तसंच टाइप केलं. मंजुरी आलीये. माझी अट एकच, चालवताना तुम्ही कानाचं यंत्र लावायचं. ते टीव्हीखालच्या खणात आहे, सेल नवे घातलेत. सायलेन्सर माझा, यंत्र तुमचं.

विम्यावरून तुमचं नाव काढून माझं टाकायला सांगितलं होतंत. तेवढं काम मी केलेलं नाही आणि करणारही नाही.

मी बसने कामावर जातोय. संध्याकाळी घ्यायला या. आल्यावर फोन करू नका, कोपऱ्यावर वळलात की आख्ख्या ऑफिसला कळेल माझे बाबा आले.