धुऱ्यावरचा खांब

१३ डिसेंबर
अख्तरने फोटो पाठवला. मृगातला तेजोमेघ. तारे कसे, मोहरीच्या दाण्यासारखे गोल. माझे त्याच रात्रीचे, त्याच शेतातले, जिऱ्यासारखे लांबुळके.
शेत माझं. अंधार माझ्या शिवारातला. त्याला शनी पहिल्यांदा दाखवला तो मी. त्याआधी हा गडी रिसोडच्या दुकानात कापड मोजायचा आणि आकाश बघायचा ते ईदच्या चंद्रापुरतं. यापुढे नुसतं अ. लिहीन. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.

१५ डिसेंबर
हेडसरांनी बोलावलं. २६ जानेवारीला नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन, दर्शनी भिंतीवर मृगाचा मोठा फोटो लावायचा. मला दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. आज म्हणतात, "तुमच्या मित्राचाबी पाह्यला सर. जो चांगला निंगन तो लावू."
त्यांनी पाहिला कुठे? माझ्याच मुलीच्या स्टेटसला.
अठरा वर्षं विज्ञान शिकवतोय या शाळेत. आता पोरं रोज भिंतीकडे बघणार आणि खाली नाव अ.चं. पोटात दुखतंय, अगदी खरोखरचं.

२० डिसें., अमावस्या
सु.ने डबा भरता भरता विचारलं, "गायडिंग गायडिंग म्हणजे काय हो?" सांगितलं. लहान दुर्बीण एका ताऱ्यावर डोळा ठेवून असते. तारा जरा सरकला की मोटर माउंटला, म्हणजे दुर्बिणीच्या फिरत्या बैठकीला, ढकलून जागेवर आणते. ही चूक मोजणारा आकडा जितका लहान तितके तारे गोल. "मग तुमचा मोठा काहून?" बायको आहे की परीक्षक.
शेतात दोघंही. अ.चा आकडा एकच्या आत. माझा दोनच्या वर, वारा सुटला की तीन. माउंट दोघांचं सारखंच, एकाच दुकानातलं. शिवाय मला खांब आहे. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काँक्रीटचा, खास ओतून घेतलेला. अ.ला पहिल्याच दिवशी बजावलंय, खांबावर एकच माउंट बसतं. त्याला विहिरीजवळची मुरमाड जागा दिली, जिथे गवतही धड उगवत नाही.
तरी एकच्या आत. काय करतोस म्हणून विचारलं. "काईच नाही मास्तर. ध्रुव लावतो आन चहा पेतो."
अंगाचा तिळपापड.

२४ डिसें.
गिअरचं ग्रीस बदललं. स्क्रू आवळले, मग ढिले केले. वायरी लोंबकळून ओढ देतात म्हणून सु.च्या केसांच्या रबरांनी बांधल्या. वजन एका बाजूला किंचित जड ठेवलं. आकडा जागचा हलत नाही. हलतात ते तारे.

२८ डिसें.
संध्याकाळी ध्रुव लावला, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्यावर अगदी बरोबर रोखला. जेवून आलो तर सरकलेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. माउंटच खराब निघालं माझं. चांगलं त्याच्या वाट्याला गेलं.
त्याच्या लेन्सवर दव पडावं असं मनात आलं. पडलं माझ्या.

११ जानेवारी
रविवार. दिवसा शेतात. धाकटा भाऊ गजू हरभऱ्याला स्प्रिंकलर लावत होता. सहज खांबाच्या माथ्यावर गवंड्याची लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. धुऱ्याकडचा पट्टा भिजला, दुपारी पाहिलं तर बुडबुडा कडेला. गजू हसला, "दादा, दिवसा कोनता तारा पाहून राह्यला?"
मी खांबाचं बूड पाहिलं. गुडघाभर खणून खांब उभा केला होता, काळ्या मातीत. घाई होती, अ.ने काही बांधायच्या आधी माझा व्हायला हवा होता. इथे गोठ्याचा पायासुद्धा मुरूम लागेपर्यंत खणतात. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की फाटते. नववीला शिकवतो हे मी!
आणि मुरूम वर आलाय तो फक्त विहिरीजवळ. ती जागा मीच त्याला दिली.
सु.ला सांगितलं. इतकी हसली की पदर डोळ्यांना लावावा लागला.

१४ जाने., संक्रांत
अ. तिळगुळाला आला. बसल्या बसल्या म्हणतो, "मास्तर, शनिवारी एक बार मले तुमचा खांब द्या ना. तुमी बसा विहिरीपाशी. सिमिटावर माहा आकडा अजून उतरन. शाळेच्या भितीवर लागला त चांगलाच लागला पाह्यजे."
तोंडात लाडू होता. "घे की," म्हणालो.
तो गेल्यावर सु. : "खांबाचं सांगतलं नाही त्याइले?"
सांगीन म्हटलं.

१६ जाने.
सांगितलं नाही. फोन केला होता. उद्या भाकर आणू की बिर्याणी, एवढंच त्याने विचारलं. बिर्याणी म्हणालो.
गजू म्हणतो, पंपाची लाइन या आठवड्यात रातची हाय, उद्या धुऱ्याकडचा पट्टा भिजवतो. दुसरा पट्टा घे म्हणता आलं असतं.

१७ जाने., विहिरीवरून
अ. दिवेलागणीलाच आला. दवासाठी मखमलीची खोळ शिवून आणलीय, दोन. एक माझ्या दुर्बिणीच्या मापाची. माप कधी घेतलं कोण जाणे. मग खांबावर हात थोपटत म्हणाला, "याले म्हनते पाया."
ध्रुव लावून बसलो. माझा आकडा एकच्या आत. पहिल्यांदा. दोनदा डोळे चोळले.
तासाभराने मोटर सुरू झाली. स्प्रिंकलरचा चटचट आवाज धुऱ्याकडून.
आत्ता अ.ची हाक आली, "मास्तर, ध्रुव सरकून राह्यला का माह्या डोळ्याचाच फरक हाय? जरा येऊन पाह्यता?"
आलो म्हणालो. अजून उठलो नाही. पुन्हा हाक आली. बिर्याणीचा डबा माझ्याजवळच आहे, त्याने अजून खाल्लेलं नाही.
माझा आकडा अजून एकच्या आत.