तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली

प्रिय धाकट्या,

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. हे फोनवर बोलण्यासारखं नाही. तू मध्येच ‘हो हो, कळलं’ म्हणतोस आणि सांगायचं ते राहूनच जातं.

मी आपल्या चर्चच्या मंडळीच्या सेवाशिबिराला गेले होते, हे तुझ्या बायकोने सांगितलं असेलच. पाळकसाहेब दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी नेमका माझा गुडघा दुखायला लागतो. यंदा मीच आधी जाऊन नाव दिलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. आम्ही एकोणीस जण होतो. सगळ्यांना पिवळे शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘सेवा’. माझ्या शर्टात मी आणि माझी जाऊ दोघी मावलो असतो. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या वस्तीत चार दिवस राहायचं, शाळेच्या वर्गात झोपायचं आणि म्हाताऱ्या माणसांच्या खोल्या घासून रंगवून द्यायच्या, एवढं काम.

वस्तीतल्या अर्ध्या दारांना कुलुपं आहेत आणि कुलुपांना गंज. जिन्याचा लोखंडी कठडा कुणीतरी केव्हाच कापून विकलाय, म्हणून सगळे भिंतीला धरून चढतात. भर दुपारी धडधाकट पुरुष पायऱ्यांवर बसलेले असतात. आम्ही बादल्या उतरवत होतो, तेव्हा त्यातला एक म्हणाला, “ताई, रंग लावायचं काम आम्हालाही येतं हो. विचारलं तरी असतंत.” पाळकसाहेब हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या गवंड्याने त्याला आणि आणखी तिघांना मजुरी ठरवून कामावर घेतलं, आणि मग कामाला खरा वेग आला. आमचे तरुण लोक तोवर स्वतःचेच फोटो काढत होते.

तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली मी मागून घेतली. तिथे एक म्हातारी एकटी राहते. जन्मभर लोकांचे कपडे इस्त्री केले, आता हात थरथरतात आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. आम्ही रंगाचा डबा उघडला तशी ती म्हणाली, “भिंतीला काय धाड भरलीये? खिडकीची कडी तुटलीये, ती बसवा आधी.” गवंड्याने दहा मिनिटांत कडी बसवली. तिने खिडकी चारदा उघडझाप करून पाहिली आणि म्हणाली, “हं, आता काय फासायचं ते फासा.”

दोन दिवस मी तोंडाला फडकं बांधून भिंत खरवडत होते आणि ती खाटेवर बसून चुका काढत होती. तिसऱ्या दिवशी, मी स्टुलावर असताना, तिने खालूनच विचारलं, “बापाला सांगून आलीस का?” मी म्हणाले, बाबा गेल्या वर्षी गेले. तिने खाटेवरच्या चादरीची सुरकुती तळव्याने सपाट केली. मग म्हणाली, “बादली सरकव, पाय अडकेल.”

तर धाकट्या, आपण त्याच मजल्यावर राहायचो, तिच्या शेजारच्या खोलीत. यंदाच्या यादीत त्या गल्लीचं नाव वाचलं, म्हणूनच मी गेले. आई गेली तेव्हा, तुला वाटतं तसा, तू तीन वर्षांचा नव्हतास. चाळीस दिवसांचा होतास. बाबांच्या कारखान्यात पाळ्या असायच्या, कधी दिवसा, कधी रात्री. मी सहा वर्षांची. इस्त्रीवालीने कुणी न सांगता तुला उचलून आपल्या खोलीत नेलं आणि तीन वर्षं वाढवलं. तू तिलाच आई म्हणायचास. त्यावरून लोक तिच्याबद्दल आणि बाबांबद्दल नको ते बोलू लागले. मग आत्याने आपल्याला तिच्या घरी नेलं, एका अटीवर: त्या बाईचं नाव पुन्हा काढायचं नाही. बाबांनी खाली बघून मान डोलावली.

तू दहा दिवस ‘आई, आई’ करून रडलास. अकराव्या दिवशी आत्याने मला पुढे केलं, आणि मी तुला मांडीवर घेऊन सांगितलं की आई देवाघरी गेली. नंतर तू रडला नाहीस. सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

बाबांच्या अंत्यविधीला तू उभं राहून आईची एकुलती एक आठवण सांगितलीस. तू टेबलाखाली कोमट कपड्यांवर बसलायस आणि वरून पाण्याचे बारीक थेंब उडताहेत. लोकांनी डोळे पुसले. मी गीतपुस्तकात बघत राहिले. आपल्या खोलीत टेबल कधीच नव्हतं.

हे तुला लिहू का, असं मी तिला विचारलं. ती नको म्हणाली. “त्याला एक आई आहे, तेवढी पुरे.” मी तिचं ऐकणार नाही, कारण मोठ्यांचं ऐकूनच एकदा तुझ्याशी खोटं बोलले होते. निघताना तिने एवढंच विचारलं, की तुझा डावा कान अजून वाहतो का, आणि थंडीत त्यात कापूस घालतोस की नाही. मी म्हणाले, ‘घालतो.’ खरं तर मला माहीत नाही. तुझ्या कानाचं काही दुखणं होतं, हेच मी विसरले होते. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिलाय. माझ्यावर रागवायचं ते खुशाल रागव, मी इथेच आहे. पण ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. आधी तिला कानाचं सांगून ये. जिना चढताना भिंतीला धर.

तुला जिने खोटं सांगितलं, ती तुझीच
ताई