ओढ्याकाठचा तळ, दोघांच्या नावे

मी, खाली सही करणारी, तंबू शिवण्याचा व्यवसाय करते. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवता येतो आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. लोकांना रानात नेऊन तिथे राहायला शिकवणे हे माझ्या पतींचे काम होते. ते गेल्या हिवाळ्यात वारले. मला बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे जाते, म्हणून सगळे इथेच लिहिते.

१. राहते घर, खालच्या शिवणखोलीसह, माझ्या एकुलत्या मुलीला मिळावे. बँकेत उरेल तेही तिचेच.

२. दोन्ही शिवणयंत्रे माझ्याकडे काम करणाऱ्या बाईंना द्यावीत. विजेचे यंत्र नवे असले, तरी जाड पट्टा पायाच्या यंत्रावरच नीट शिवला जातो. हे त्यांना सांगायला नको.

३. माझ्या लग्नात नणंदबाई म्हणाल्या होत्या, "नवरा रानात, बायको सुईत, मग संसार कुठे?" हे मी विसरलेले नाही. त्यांना माझी पिसांची झोपण्याची पिशवी द्यावी. त्यांना थंडी फार बाधते.

४. ओढ्याकाठच्या आमच्या तळावरची भांडी, दोर, कुऱ्हाडी आणि तंबू तळावरच राहतील. यांचा पत्र्याचा डबाही तिथेच राहील. त्यात चकमक आणि लायटर दोन्ही असत. माझे धाकटे दीर त्यातला लायटर काढून ठेवत, मुलगी चकमक काढून ठेवी आणि हे दर वेळी दोन्ही परत डब्यात टाकत. डब्याची वाटणी करू नये.

त्या दोघांचे भांडण तेव्हा गमतीचे होते. दीर म्हणायचे, "वहिनी, ही तुमची पोर बॅटरीवर चालते. रानात चार्जर कुठल्या झाडाला लावणार?" मुलगी म्हणायची, "काका, तुमच्या गारगोटीला रेंज येते का?" हे म्हणायचे, "दोघांचंही बरोबर आहे. आता पाणी कोण आणतंय?"

दिरांनी एकदा जुन्या कॅनव्हासच्या सवयीने माझ्या नव्या नायलॉनच्या छताखाली शेकोटी पेटवली. ठिणग्यांनी छताची चाळणी झाली. मुलीने एकदा मोबाइलच्या नकाशावर भिस्त ठेवली. थंडीने मोबाइल बंद पडला आणि ती तळापासून हाकेच्या अंतरावर रात्रभर कुडकुडत बसली. दोघांनाही ठिगळे मीच लावली.

५. आता त्या दिवसाविषयी. ओल्या खडकावरून यांचा पाय घसरला आणि हे ओढ्याच्या घळीत पडले. मुलगी आणि दीर दोघेही बरोबर होते. मुलीने उपग्रहाकरवी निरोप पाठवणाऱ्या यंत्राचे बटण लगेच दाबले. दिरांनी भिजलेला ओंडका फोडला, आतला कोरडा गाभा काढून जाळ केला आणि वर ओला पाला टाकून धूर केला. बचाव पथक आले, यांना दवाखान्यात नेले, पण हे वाचले नाहीत.

तेराव्या दिवशी घरात मुलगी म्हणाली, "काका, लाकडांशी झटत बसलात, तेवढ्या वेळात बाबांना वर उघड्यावर आणता आलं असतं." दीर म्हणाले, "तुझ्या बटणावर विसंबलो नसतो, तर मी पळत जाऊन माणसं आणली असती." तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. तळ बंद आहे.

परवा पथकाचे प्रमुख, यांना गुंडाळून नेलेली आमची ताडपत्री परत द्यायला आले. मी त्यांना सरळ विचारले. ते म्हणाले, "ताई, यंत्रामुळे आम्ही त्या डोंगरापर्यंत आलो. पण घळीत ते नेमकी जागा दाखवेना आणि धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. धुराचा वास आला म्हणून या बाजूला उतरलो. नाहीतर पलीकडच्या ओढ्यात शोधत बसलो असतो."

म्हणजे हे दवाखान्यात जिवंत पोहोचले, ते दोघांमुळे. तिथे मला यांच्यासोबत काही दिवस मिळाले. चहा पाणचट आहे म्हणून हे माझ्यावर रागावले. केस विंचरून दे म्हणाले. माझा हात धरून झोपायला लागले, जे इतक्या वर्षांत कधी केले नव्हते. ते दिवस मला त्या दोघांनी मिळून दिले. एकानेच धडपड केली असती, तर मिळाले नसते.

६. ओढ्याकाठची तळाची जमीन मी मुलगी आणि दीर या दोघांच्या नावे, न वाटता, ठेवत आहे. दोघांपैकी कोणी एकट्याने ती विकू नये आणि एकट्याने माणसे घेऊन रानात जाऊ नये.

७. वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र आधी वाचून दाखवायची पद्धत नाही हो." मी विचारले, "मनाई आहे का?" मनाई नाही. मी गेल्यावर ही दोघे शेजारी बसली, तर मला ते दिसणार नाही. म्हणून येत्या रविवारी सकाळी तळावर, माझ्यासमोर, हे वाचायचे आहे. दोघांनी यावे. मीच वाचेन. पाचवे कलम मला मोठ्याने वाचवले नाही, तर त्या दोघांनी आळीपाळीने वाचावे.

सही: (तंबूवाल्या बाई)

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हा दोघांना यातले काही मिळणार नाही:
साक्षीदार १: समोरचे घड्याळजी
साक्षीदार २: घरच्या डॉक्टरीणबाई

ठिकाण: शिवणखोली, तळमजला
दिनांक: ९ फेब्रुवारी