बुडाशी चिकटवलेलं नाव

मिनिआपोलिस,
७ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी बस डुलूथला वेळेत पोचली ना? तू गेल्यावर घरात मी, आणि तू घासून रचलेली चौदा भांडी एवढेच उरलो. मार्लिसच्या अंत्यविधीला जो तो हॉटडिश घेऊन आला: खाली खिमा, मध्ये मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्या. आपले लूथरपंथीय शोक शब्दांत मांडत नाहीत, ओव्हनमध्ये भाजतात. माझी पत्नी गेली आणि दोन आठवडे आपण भावंडं तेच जेवलो.

भांडी चर्चच्या तळघरात ठेवून येतो. ज्याने त्याने बुडाशी चिकटवलेलं आपलं नाव पाहून न्यावं. मला कोणाकडे जाववत नाही.

दुसरं, ॲरिझोनातल्या एका शाळेला लॅटिनचा मास्तर हवा आहे. जूनमध्ये घर विकून जावं म्हणतो. तिथे बर्फ नाही आणि मार्लिसला ओळखणारं कोणी नाही.

लोभ असावा, फक्त भाजून पाठवू नये.
तुझा हालवर


डुलूथ,
१२ फेब्रुवारी

चि. हालवरास अ. आ.

तळघराचं नाव काढू नकोस. लोकांची भांडी अशी टाकून येतात का? ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, आणि रिकामं तर नाहीच. तुला स्वयंपाक येत नाही हे सगळ्या मिनेसोटाला ठाऊक आहे, तेव्हा बेकरीतले बन चालतील. कॉफी विचारतील. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा बसायचं. एवढं तरी आईने शिकवलंय.

मी रचलीत त्याच क्रमाने, वरून खाली जा. चौदाही पोचली की खुशाल ॲरिझोनाला जा, खोकी बांधायला मी येईन. तोवर दलालाला फोन करायचा नाही.

कानटोपी घाल. माया आहेच, ती काही कागदावर मागायला नको.
तुझी ताई


मिनिआपोलिस,
२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तेरा घरं झाली. कॉफीचा त्रिवार विधी सर्वत्र यथासांग पार पडला. निघतो म्हटल्यापासून मोटारीत बसेपर्यंत पाऊण तास, हा आपला प्रांतीय नियमही मी मोडला नाही. लवॉन स्वेन्सनच्या दारात उभ्याउभ्या माझा एक कान गोठला. तिचा आजारी नवरा बिछान्यातूनच मला अजून निघाला नाहीस का म्हणून चिडवत होता. शेजारचे लिंडक्विस्टबुवा मला तळ्यावरच्या त्यांच्या खोपटात घेऊन गेले. बर्फाला भोक पाडून चार तास बसलो. मासा एक, वाक्यं दोन. त्यांच्या मते गप्पा फार रंगल्या.

काल सर्वांत खालचं निळं भांडं उलटं केलं. चिकटवलेल्या पट्टीवर मार्लिसचं अक्षर, तिचंच नाव.

शेजारी म्हणून बुवांना विचारलं. डिसेंबरात त्यांचा पाय मोडला तेव्हा तिनेच ते भरून नेलं होतं. रीतीप्रमाणे ते भरून परत आणायला बुवांना जानेवारी उजाडला, आणि घ्यायला ती नव्हती.

भांडी तू घासलीस, ताई. तुला ठाऊक होतं. आता हे मी कोणाच्या दारात नेऊ?

हालवर


डुलूथ,
३१ मार्च

चि. हालवरास अ. आ.

ठाऊक होतं. म्हणूनच खाली ठेवलं. पट्टी सुटू नये म्हणून बुडाला पाणी लागू दिलं नाही.

कोणाच्या दारात न्यायचं ते मला विचारू नकोस. मार्लिस कोणाकोणाच्या दारात न्यायची, तेवढं आठव. खोकी बांधायला कधी येऊ ते कळव.

ताई


मिनिआपोलिस,
२४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लवॉनचा नवरा मंगळवारी गेला. मार्लिसच्या वहीत पाहून मी हॉटडिश केली. गोळ्या एका बाजूने करपल्या. ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. पट्टी तशीच राहू दिली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लवॉनने भांडं उचललं, बूड चाचपलं, नाव वाचलं. मग हे परत द्यायला जरा वेळ लागेल म्हणाली. मी म्हटलं, घाई नाही, मी घरीच आहे.

बोलून गेलो खरा. मग घरी येऊन ॲरिझोनाला नकार कळवला.

तेव्हा खोकी नकोत. तू ऑगस्टात राज्याच्या जत्रेला ये. बिया चिकटवून केलेली ती चित्रं पाहायला यंदा मार्लिसच्या जागी मी येईन, आणि तिच्यासारखाच एकेका चित्रापुढे तुझे पाय दुखेपर्यंत उभा राहीन. मात्र संध्याकाळपर्यंत परतायला हवं. लवॉन कधी येईल नेम नाही, आणि भांडं आलं की दार उघडायला घरात कोणीतरी पाहिजे.

लोभ आहेच. आता भाजून पाठवलास तरी चालेल.
तुझा हालवर