हिराची जागा

लाडक्या सुगंधाला,
पनवेलवरून तुझ्या बायचा आशीर्वाद.

हिराचं ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली, असं डॉक्टर बोलले. नाकातल्या नळीतून गाळलेली पेज देतो तिला. मी पण वेळेवर जेवते, काळजी करू नको. पोराचा ताप उतरला का?

अर्धी जीभ काढली गं तिची. आख्ख्या मासळीबाजारात जिचा आवाज पयला, ती आता वहीत लिहून पाणी मागते.

तीस वरसं आमी दोघींनी एकाच डबीतली मिशेरी लावली. मग तिलाच का? ती डबी मी फेकली. तुझी पण फेक, माझी शपथ हाय.

बाजारात हिराच्या जागेवर तिची टोपली उपडी ठेवतेस ना? ती परत येईपर्यंत तिथं कोणाला बसू देऊ नको.

काल तिनं लिहिलं, "माझी जागा दुसरीला दे. मी आता गिऱ्हाईक कशी बोलवू?" वही माझ्यापुढं धरली. मी बोलले, "चष्मा घरी राहिला, वाचता येत नाय."

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. तिनं तो हळूच काढला, पदरानं पुसला आणि परत मला घातला.

टोपली हलवू नको.

तुझी बाय,
शांती